साडेअकरा ते दीड

कर्जतच्या बाजारात किराणा दुकानदाराशी धड चार वाक्यं बोलता येतील अशी वेळ म्हणजे सकाळी साडेअकरा ते दुपारी दीड. त्याआधी गेलात तर दूध, पाव, अंडी, शाळेच्या डब्याची बिस्किटं आणि आसपासच्या गावांतून रिक्षाने आलेली गिऱ्हाइकं यांच्या गर्दीत शेठला मान वर करायला फुरसत नसते. दीडनंतर शटर अर्धं खाली येतं. साडेचारला उघडतं, पण साडेसहापासून मुंबईहून येणाऱ्या लोकल एकेक करून माणसं सोडायला लागतात. स्टेशनवरून घरी जाता जाता जो तो साखर, चहापावडर, मॅगी घेत जातो. मधला पाच ते सव्वासहाचा एक तुकडा तेवढा हाती लागतो. म्हणजे आठ-नऊ तास रस्त्यावर असणाऱ्या सेल्समनला खरी विक्रीची वेळ मिळते ती तीन-सव्वातीन तासांची. उरलेला दिवस प्रवासात, ताटकळण्यात आणि ‘नंतर ये’ ऐकण्यात जातो.

मी या लाइनीवर बरीच वर्षं आहे. साबण, टूथपेस्ट, शॅम्पूच्या पुड्या, बिस्किटं असा रोजच्या वापरातला माल स्टॉकिस्टकडून दुकानापर्यंत पोचवायचं काम. खाली कार्बन घालून ऑर्डर बुक भरायचो तेव्हापासून आहे, आणि आता मोबाइलच्या अ‍ॅपवर ऑर्डर पंच करतो. या काळात वेळेच्या नियोजनावरची प्रशिक्षणं पुष्कळ झाली. वातानुकूलित हॉल, पडद्यावर चार चौकोन: काय महत्त्वाचं, काय तातडीचं, काय पुढे ढकलायचं, काय सोडून द्यायचं. शिकवणारे हुशार असतात, पण त्यांच्या चौकोनांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की दिवस आपल्या मालकीचा आहे. आमचा तो नसतो. वेळ दुकानदाराची, रस्ता पावसाचा, गाडी रेल्वेची आणि तारीख कंपनीची. सेल्समनच्या हातात उरतो तो स्वतःचा दम. तो कुठे लावायचा आणि कुठे राखायचा, एवढंच ठरवता येतं. पण तेवढं नीट ठरवलं की वेळही आपोआप मोकळा होतो, असा माझा अनुभव आहे.

कंपनीच्या कागदावर सगळे बीट, म्हणजे रोजच्या फेरीचे ठरलेले मार्ग, सारखे दिसतात. सोमवारी कर्जत-दहिवली, मंगळवारी नेरळ, बुधवारी कडाव-कशेळे, गुरुवारी खोपोली, शुक्रवारी चौक-खालापूर, शनिवारी राहिलेलं. प्रत्येक बीटला चाळीस दुकानं, प्रत्येक दुकानाला ठरावीक मिनिटं. प्रत्यक्षात कर्जतहून वीस किलोमीटर कुठल्याही दिशेला जा, बाजाराची चाल बदललेली असते.

खोपोली हे कारखान्यांचं गाव. टाटांचं वीजकेंद्र तिथे १९१५ साली सुरू झालं आणि त्यानंतर इतर कारखाने येत गेले. पहिली पाळी दुपारी तीनला सुटते, तेव्हा दुकानांत गर्दी होते. कर्जतला जी झोपेची वेळ, ती खोपोलीत धंद्याची. पण खोपोलीचं खरं गणित तारखांचं आहे. कामगार महिनाभर वहीवर माल नेतो आणि पगार झाला की वही चुकती करतो. १९३६ च्या वेतन कायद्यापासून २०२५ पर्यंत पगाराची ७ आणि १० तारीख चालत आली: हजारापेक्षा कमी कामगारांच्या ठिकाणी सातच्या आत, मोठ्या कारखान्यात दहाच्या आत. त्यामुळे तिथल्या किराणावाल्याच्या गल्ल्यात पैसा खेळतो तो साधारण ८ ते १२ तारखेला. त्या दिवसांत वसुलीला गेलं तर शेठ स्वतःहून विचारतो, ‘तुझं किती राहिलंय रे?’ तोच शेठ २८ तारखेला आपल्याला दारात बघून फोन कानाला लावतो. माणूस तोच, उधारी तीच, आपला घसाही तोच. फक्त तारीख चुकलेली. २८ तारखेला त्याच्याशी अर्धा तास हुज्जत घालण्यात जो दम जातो, त्यात १० तारखेला पाच दुकानांची वसुली होते.

महडला जायचं तर आधी कॅलेंडर बघावं लागतं. वरदविनायकामुळे संकष्टीला, त्यातही अंगारकीला, आणि माघी गणेश जयंतीला तिथला प्रत्येक दुकानदार गिऱ्हाइकाच्या गराड्यात असतो. त्या दिवशी बॅग घेऊन उभं राहणं म्हणजे दोघांनाही त्रास. दोन दिवस आधी गेलं तर मात्र पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पाच-दहा रुपयांचे पुडे यांची ऑर्डर न मागता मिळते. चौकचं आणखी वेगळं. द्रुतगती मार्ग झाला आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरची निम्मी वर्दळ वरच्या वर निघून गेली. आता तिथला बाजार चालतो आसपासच्या गावांवर, आणि शनिवार-रविवारी फार्महाउसवर येणाऱ्या गाड्यांवर. शुक्रवारी दुपारपर्यंत तिथे माल पोचला पाहिजे. सोमवारी पोचलेला माल पुढच्या शुक्रवारपर्यंत नुसता जागा अडवून बसतो.

कडाव-कशेळ्याच्या बाजूला तर एकाच बीटवर दोन वेगवेगळे खिसे आहेत. भिवपुरीचं वीजकेंद्र १९२२ पासून चालू आहे. तिथून सुटलेलं पाणी पेज नदीला मिळतं आणि राजनाल्याच्या कालव्याने शेतांत जातं. ज्या गावांना हे पाणी मिळतं तिथे उन्हाळी भात होतो, भर उन्हात शेतं हिरवी असतात आणि भात निघाला की हातात पैसाही असतो. त्याच रस्त्याने पुढे डोंगराच्या अंगाला गेलं की ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. दिवाळी झाली की तिथली पुष्कळ कुटुंबं वीटभट्टीवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वाडीवरचं दुकान सहा-सात महिने जवळजवळ झोपलेलं असतं. त्या दुकानाला जानेवारीत आणि जूनमध्ये एकच टार्गेट लावणाऱ्या तक्त्याला काय म्हणावं? माझा हिशेब साधा आहे. हिवाळ्या-उन्हाळ्यात वाड्यांवर महिन्यातून एक फेरी, तीही मुख्यतः ओळख राखायला. कालव्याच्या गावांत दर आठवड्याला. आणि मे संपता संपता सगळा जोर वाड्यांकडे, कारण तेव्हा अगोट असते.

अगोट ही आमच्या रायगडातली पावसाळ्याआधीची बेगमी. सुकी मासळी, मसाला, कांदे, मीठ, तेल, काडेपेट्या, अंगाचा-कपड्याचा साबण, सगळं जूनच्या पहिल्या सरीच्या आत घरात आलं पाहिजे. भट्टीवरून आलेला पैसा पहिल्यांदा खर्च होतो तो इथेच. ते दोन-तीन आठवडे मी जेवणाच्या वेळेचीही पर्वा करत नाही. वर्षभर राखलेला दम काढायचे हेच दिवस. नंतर पेरणी-लावणीला सगळं गाव शेतात असतं. दुकानात म्हातारं माणूस नाहीतर शाळेतलं पोर बसलेलं, आणि त्यांच्या हातात ना पैसा ना निर्णय. तेव्हा तिथे जाऊन घसा कोरडा करण्यात अर्थ नसतो.

पावसाळ्याचं गणित अंगावर शिकावं लागतं. जुलैत कर्जत-खोपोली रस्त्यावर दुचाकी घालायची म्हणजे रेनकोट असूनही माणूस पोचतो तो गळ्यापासून ओला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, बोटं पांढरी पडलेली, आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की खाली पाण्याचं तळं. शेठ ऑर्डर द्यायच्या आधी पायाखालच्या लादीकडे बघतो. म्हणून पावसात खोपोलीला मी लोकलने जातो. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली एवढाच तो फाटा. गाड्या थोड्या, एक चुकली की बराच वेळ फलाटावर. दुचाकीपेक्षा दुकानं कमी होतात, अ‍ॅपवर आकडा कमी दिसतो. पण मी कोरडा असतो, आवाज शाबूत असतो, आणि दर दुकानाची ऑर्डर मोठी निघते. फलाटावरच्या वेळात मी आदल्या आठवड्याच्या ऑर्डरी चाळतो आणि कोणाकडे काय संपत आलं असेल ते लिहून ठेवतो. दुकानात शिरल्यावर ‘काय देऊ?’ असं विचारण्यापेक्षा ‘तुमच्याकडचा लहान साबण संपला असेल’ असं म्हटलं की बोलणं निम्म्या वेळात आटपतं.

आणि काही दिवस विक्रीचे नसतातच. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्यानंतर चौकच्या बाजारात ऑर्डर विचारायला तोंड उघडेना. दुकानं उघडी होती, माणसं येत-जात होती, पण कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवून स्कीम सांगण्यासारखी हवा नव्हती. अशा वेळी बीट गाळायचा आणि त्याची कारणं कोणाला देत बसायची नाहीत.

माथेरान मात्र माझं आवडतं, कारण तिथे घाई चालतच नाही. मोटार दस्तुरी नाक्यापर्यंत. पुढे बाजारापर्यंतची अडीच किलोमीटरच्या आसपासची लाल मातीची वाट पायीच. अलीकडे, डिसेंबर २०२२ मध्ये, ई-रिक्षाही आल्या. बाकी वाहनांना मज्जाव आहे. १९०७ सालची छोटी गाडी नेरळहून वर येते, पण पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज भाग बंद असतो. २०१९ च्या पावसात रूळ उखडले तेव्हा तो भाग पुन्हा सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. आमचा माल टेम्पोने दस्तुरीला येतो आणि तिथून घोड्यावर चढतो. घोड्याच्या दोन्ही अंगांना पेट्या लटकतात, त्यामुळे वजन दोन्हीकडे सारखं लागतं. एकीकडे साबणाची पेटी आणि दुसरीकडे चिप्सचा खोका असं चालत नाही. घोडेवाला सरळ नकार देतो. म्हणून माथेरानची ऑर्डर घेताना वजन डोक्यात ठेवून घ्यावी लागते. साबणाच्या पेट्या जोडीने, नाहीतर साबणासमोर तेवढ्याच वजनाची कपडे धुण्याची पावडर. वाहतुकीचा खर्च दुकानदाराला पेटीमागे सोसावा लागतो, म्हणून तो दर आठवड्याला थोडं थोडं घेत नाही. महिन्या-दीड महिन्याचा एकदम घेतो.

याचा अर्थ असा, की माथेरानला दर आठवड्याला जाणं हा शुद्ध अपव्यय. कंपनीच्या तक्त्यात तो बीट साप्ताहिक होता. मी साहेबांपुढे घोड्याच्या फेरीचा खर्च मांडला, दुकानांची मागच्या वर्षाची बिलं मांडली, आणि महिन्यातून दोनदा जातो म्हणून सांगितलं. तेही मंगळवारी. शनिवार-रविवारची पर्यटकांची धांदल उरकलेली असते, सोमवारी दुकानदार झोप काढतो आणि मंगळवारी तो गल्ला मोजून, रिकाम्या फळ्या बघून बसलेला असतो. विक्री कमी झाली नाही, उलट पेट्या जोडीने जाऊ लागल्यामुळे परत येणारा माल थांबला. वाचलेले दोन दिवस मी कालव्याच्या गावांना दिले.

आता दुकानाच्या आत काय होतं ते. दम जास्तीत जास्त जातो तो पायांत नाही, तोंडात आणि मनात. ‘नाही’ ऐकण्याचं ओझं होतं. सकाळी पहिल्याच दुकानात खडूस माणूस भेटला तर पुढच्या चार दुकानांत आवाज खाली येतो. म्हणून अवघड दुकान मी पहिलं घेत नाही आणि शेवटचंही घेत नाही. दोन हसरी दुकानं करायची, दोन ऑर्डरी खिशात पडल्या की आवाज लागतो, मग तिसरं अवघड. त्यानंतर चहा. चहाची टपरीही ठरलेली, कारण तिथे दुसऱ्या कंपन्यांची मुलं भेटतात आणि कुठल्या शेठचा चेक परत गेला, कुठे नवीन दुकान होतंय हे न विचारता कळतं.

दुकानात शिरल्यावर तीन कामं असतात: खराब माल, वसुली आणि ऑर्डर. कंपनी आम्हाला ऑर्डर आधी शिकवते, कारण तिच्या तक्त्यात ऑर्डरच मोजली जाते. मी उलटं करतो. कशेळ्याच्या पुढे एका वाडीच्या तोंडाशी एका मावशींचं दुकान आहे. पत्र्याचं छप्पर, वर टांगलेल्या पुड्यांच्या माळा, गल्ल्याच्या जागी बिस्किटांचा जुना डबा. तिथे गेलं की मी आधी विचारतो, “मावशी, उंदराने काही कुरतडलंय का?”

“तुझ्या त्या निळ्या पुड्या बघ. होळीपासून तशाच लटकल्यात. कोणी घेत नाही.”

मी पुड्या काढतो, तारीख बघतो, बदलीच्या पावतीवर लिहितो आणि त्यांच्यासमोर पिशवीत टाकतो. फळीवरची धूळ पुसून बाकीचा माल पुढे ओढतो. तक्रार संपलेली असते. मग मी म्हणतो, “मागचं बिल राहिलंय थोडं.”

मावशी डब्याचं झाकण उघडतात. “आज सातशे ने. बाकीचे अगोटीला.”

“अगोटीला मला तुमच्याकडे माल पण टाकायचाय.”

“मग आठशे ने, कटकट्या!”

त्यानंतर ऑर्डर. ती छोटी असते, पण ती निघताना मावशींच्या मनात ना खराब मालाची खदखद असते ना उधारीची धास्ती. हेच उलट्या क्रमाने केलं, आधी ऑर्डर लिहून मग पैसे मागितले, की दुकानदार लिहिलेली ऑर्डर खोडायला लावतो, मग खराब मालाची आठवण काढतो, आणि वीस मिनिटांच्या बोलण्याअंती दोघंही थकून वेगळे होतात. क्रम बदलला की तेच काम निम्म्या दमात होतं.

दुपारचा प्रश्न वेगळा. दीड ते साडेचार बाजार बंद. या वेळात मी बसून जेवतो, चालत्या गाडीवर वडापाव खात नाही, आणि गोदामात पेट्यांच्या थप्पीला पाठ टेकून थोडा वेळ डोळे मिटतो. संध्याकाळच्या तुकड्यात ताजं तोंड घेऊन उभं राहायचं तर याला पर्याय नाही. पण मी काम केलेल्या एका कंपनीच्या अ‍ॅपवर दुपारी दोन तास एकही दुकान पंच झालं नाही की नावापुढे लाल खूण यायची आणि साहेबांचा फोन, ‘लोकेशन एकाच ठिकाणी का दिसतंय?’ मग मुलं काय करायची? बंद शटरसमोर दुचाकी उभी करून ‘दुकान बंद’ असं पंच करायची. खूण हिरवी व्हायची, पेट्रोल जळायचं, आणि संध्याकाळी पाचला तीच मुलं भकास चेहऱ्याने बाजारात उतरायची. तिथल्या साहेबांना मी एकदाच सांगितलं, की दुपारी मी कुठे होतो ते न बघता संध्याकाळचं बिल बघा. ते पटायला एक तिमाही गेली.

सगळ्यात जास्त दम खातो तो महिन्याचा शेवटचा आठवडा. कंपनीकडून स्टॉकिस्टकडे माल आला की तिची विक्री झाली, म्हणजे प्रायमरी. स्टॉकिस्टकडून दुकानात गेला की आमची, म्हणजे सेकंडरी. २५ तारखेनंतर वरून फोन सुरू होतात: ‘क्लोजिंग किती देतोस?’ आकडा भरायला सोपा रस्ता एकच, होलसेलवाल्याला जादा स्कीम लावून माल सोडायचा. आकडा पुरा होतो, सगळे खूश. पुढच्या महिन्यात २ तारखेला आपण बाजारात उतरलो की किराणावाला म्हणतो, ‘होलसेलला स्वस्त मिळतंय, तुझ्याकडून कशाला घेऊ?’ आपलाच माल आपल्याशी भांडायला उभा असतो. पहिले दहा दिवस सुके जातात, मग पुन्हा २५ तारीख येते, पुन्हा होलसेल. या चक्रात सापडलेला सेल्समन महिन्यातून एक आठवडा धावतो आणि तीन आठवडे धाप टाकतो. अशी पाच-सहा वर्षं काढली की माणूस धंद्यातून तरी जातो नाहीतर रक्तदाबाच्या गोळ्यांवर येतो.

यातून बाहेर पडायला मी बाजाराच्या तारखा धरल्या. खोपोलीची वसुली ८ ते १२, त्यामुळे १५ तारखेपर्यंत स्टॉकिस्टच्या हातात पैसा आणि त्याला नवा माल उचलायला जोर. कालव्याची गावं आणि कर्जत बाजार पहिल्या पंधरवड्यात घट्ट करून ठेवायचे. महिन्याच्या निम्म्याहून जास्त काम १८-२० तारखेच्या आत झालं की शेवटच्या आठवड्यात फोन आला तरी पोटात गोळा येत नाही. होलसेलला माल द्यायला मी नकार देत नाही. त्याला त्याच्या वाट्याचा देतो, दर महिन्याला सारखा.

बाजार पूर्ण बंद पडला तरी दम वाया घालवायचा नसतो, हे अलीकडे २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा दिसलं. जीएसटी कमी होणार हे १५ ऑगस्टच्या भाषणात जाहीर झालं, ३ सप्टेंबरला परिषदेने दर ठरवले आणि ते लागू होणार होते २२ तारखेपासून. साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर येणार म्हटल्यावर कोणता दुकानदार जुन्या भावाने माल भरेल? त्यात ७ तारखेपासून पितृपक्ष. ऑर्डर मागणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं होतं. मी त्या दिवसांत ऑर्डर हा शब्दच काढला नाही. दुकानादुकानांत जाऊन फळ्यांवरचा जुना माल मोजला, तारीख गेलेला बाजूला केला, जुन्या छापील किमतीच्या मालाचं काय करायचं ते दुकानदाराला समजेल अशा भाषेत सांगितलं, आणि मागच्या उधाऱ्या गोळा केल्या. प्रश्न विचारायला शेठ मंडळी फोन करून बोलवत होती, एरवी जे आपल्याला टाळतात तेही. २२ तारखेला घट बसले आणि त्या आठवड्यात कोणाच्या फळीवर किती जागा आहे हे सगळं माझ्या वहीत होतं.

वेळ दुसऱ्याची असताना धंदा कसा करावा, हे कर्जतला शिकायचं तर स्टेशनवर जावं. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर गेली. दर ३७ फुटांमागे एक फूट असा तो चढ. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून रेटायला कर्जतला बँकर इंजिनं लागतात. ती लागेपर्यंत गाडी उभी, आणि तेवढ्या मिनिटांवर दिवाडकरांच्या वड्याचं नाव महाराष्ट्रभर झालं. विकणाऱ्यांकडे नीट बघा. गाडी येण्याआधी ते पळापळ करत नाहीत, बसलेले असतात. कुठला डबा कुठे थांबणार हे ठाऊक असतं. बंद काचांच्या वातानुकूलित डब्यांकडे ते वळतही नाहीत. जनरल आणि स्लीपरच्या खिडक्या धरतात. सुटे पैसे आधीच बोटांत. गाडी हलली की पुन्हा बसले. आता सगळ्याच गाड्यांना बँकर लागत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली सोलापूरची वंदे भारत तर बँकरशिवाय घाट चढते आणि कर्जतला थांबतही नाही. तिच्यामागे कोणी धावताना मी पाहिलेलं नाही.

मोबाइलने आमचं काम हलकं केलं हे खरं. यूपीआय आल्यापासून छोट्या वसुलीसाठी खेटे घालावे लागत नाहीत, आणि बरेच दुकानदार रिकाम्या फळीचा फोटो पाठवून माल मागवतात. पण वाचलेला वेळ फोननेच परत घ्यायला सुरुवात केली. रात्री दहाला मेसेज, ‘उद्या सकाळी दोन पेट्या हव्यात’. साडेदहाला साहेबांचा, ‘उद्याचा प्लॅन टाक’. मी दुकानदारांना हात जोडून सांगून ठेवलंय, की रात्री साडेआठपर्यंत आलेली ऑर्डर सकाळच्या गाडीत, त्यानंतरची दुपारच्या. सुरुवातीला दोघा-तिघांनी तोंड वाकडं केलं. मग सगळे साडेआठच्या आत मेसेज करू लागले, कारण माल वेळेवर पोचतो हे त्यांना दिसलं. घरी गेल्यावर फोन देवघराशेजारच्या फळीवर. बायको आणि मुलगी, दोघींनाही आता फळीची सवय झाली आहे.

स्टॉकिस्टकडे नवा मुलगा आला की तो पहिल्या दिवशी विचारतो, ‘दादा, रोज किती दुकानं मारायची?’ मी त्याला एक साधी वही देतो. पहिला आठवडा ऑर्डर घ्यायची नाही, नुसतं फिरायचं. प्रत्येक दुकानापुढे चार ओळी: गर्दी केव्हा असते, केव्हा नसते, पैसा कोणाच्या हातात आहे, आणि तो महिन्याच्या कुठल्या तारखेला येतो. वाडी असेल तर माणसं कुठल्या महिन्यात गावात असतात तेही. ही वही भरली की बीट प्लॅन त्याचा त्याने लिहावा आणि साहेबांनी त्याखाली सही करावी. आजवर साहेबांनी लिहायचं आणि मुलाने सही करायची, असंच चालत आलंय. ज्या दोन-तीन मुलांच्या बाबतीत मी हे उलटं करून घेऊ शकलो, ती अजून लाइनीवर आहेत आणि त्यांचा शेवटचा आठवडा बाकीच्या तीन आठवड्यांसारखाच जातो.